हरकत घेण्यापूर्वी वाचावे असे काही

नाशिक महानगरपालिकेच्या कारभारात आपणही लक्ष घालावे, अशी इच्छा आपल्या मनात उत्पन्न झाली असल्यास प्रथम आपले अभिनंदन. ही इच्छा बहुधा पावसाळ्याच्या दुसऱ्या आठवड्यात, दुचाकीचे पुढचे चाक खड्ड्यात असताना होते आणि पितृपक्षापर्यंत आपोआप ओसरते. आपली ओसरली नसेल, तर शहराचे व आपले मनःस्वास्थ्य टिकावे या हेतूने केलेल्या पुढील सूचना शांतपणे वाचाव्यात.

आरंभ जाहीर सूचनेपासून करावा. ती वर्तमानपत्रात असते. नाव बदलल्याच्या आणि मूळ खरेदीखत गहाळ झाल्याच्या निवेदनांच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत. तीत आपल्या कॉलनीचे, चौकाचे किंवा मुलाच्या शाळेचे नाव शोधण्याचा बालिशपणा करू नये. तेथे सर्व्हे क्रमांक, हिस्सा क्रमांक आणि गट क्रमांक असतात, आणि आपण इतकी वर्षे कोणत्या सर्व्हे क्रमांकावर झोपतो आहोत हे आपल्याला ठाऊक नसेल, तर तो नगररचना विभागाचा अपराध म्हणता येणार नाही. प्रारूप विकास आराखड्यावर, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय व्हावे हे दाखविणाऱ्या शहराच्या कच्च्या नकाशावर, हरकत घेण्यासाठी कायद्याने तीस दिवस दिलेले आहेत. हे दिवस सूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजले जातात, आपल्या लक्षात आल्यापासून नव्हे. हा नकाशा राजीव गांधी भवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयात, कार्यालयीन वेळेत पाहता येतो, म्हणजेच ज्या वेळेत आपण स्वतः कोणत्या तरी कार्यालयात बसलेले असता त्या वेळेत. लोकशाहीत सर्वांनाच थोडी रजा खर्चावी लागते.

नकाशा पाहताना मन प्रसन्न ठेवावे. बहुतेक नाशिककरांना उद्यान, क्रीडांगण, भाजी मंडई, प्रसूतिगृह आणि वाचनालय या साऱ्या सोयी एकाच ठिकाणी, चालत जाण्याच्या अंतरावर मिळण्याचा योग येथेच येतो. महापालिकेचा पहिला विकास आराखडा १९९३ साली मंजूर झाला आणि सुधारित आराखडा २०१७ साली. कायद्याने फेरविचाराला वीस वर्षे सांगितलेली असताना चोवीस लागली, याबद्दल कुरकुर करू नये, कारण या काळात आरक्षणे आपापल्या परीने परिपक्व होत होती. त्याची रीत अशी की आराखड्यात एखाद्या जमिनीवर बागेचे आरक्षण पडते. दहा वर्षांत ती जमीन ताब्यात घेतली गेली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक खरेदीची नोटीस बजावू शकतो. आणि नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते आणि जमीन मोकळी होते. या चोवीस महिन्यांत फाईल कोठे असते, असा प्रश्न विचारण्याचा मोह टाळावा. फाईल अभिप्रायासाठी गेलेली असते. मालकाला रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे अन्यत्र वापरता वा विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क (टीडीआर), देण्याची सोयही आहे, पण त्याचे गणित नागरिकाने समजून घेण्याच्या भानगडीत पडू नये. शहरात ते समजणारे लोक आहेत आणि त्यांचे उत्तम चालले आहे. आपल्याला मुलांना बाग दाखवायचीच असेल तर नकाशावर दाखवावी. तेथला हिरवा रंग उन्हाळ्यातही टिकतो.

अंदाजपत्रक हा विषय त्याहून आल्हाददायक आहे. नवख्या माणसाची अशी समजूत असते की वर्षभरात किती पैसे येतील हे आधी पाहावयाचे आणि मग खर्च ठरवावयाचा. ही रीत घरखर्चाला ठीक आहे. शहराचे अंदाजपत्रक आयुक्त स्थायी समितीला सादर करतात, सोळा सदस्यांची ती समिती त्यात आपली भर घालते आणि महासभा त्या भरीवर भर घालते. उत्पन्न तेवढेच राहून खर्चाची कामे अशी दोनदा फुगल्यावर मेळ बसविण्यासाठी उत्पन्नाचा आकडाही खुशीने वाढविला जातो. पुढे मार्चअखेर वसुली कमी पडते, कामांचे कार्यादेश मात्र निघालेले असतात, आणि या दोहोंमधल्या फरकाला दायित्व असे भारदस्त नाव आहे. हे दायित्व पुढल्या वर्षावर सोपविले जाते आणि पुढले वर्ष ते त्याच्या पुढल्यावर सोपविते. म्हणून आपल्या गल्लीतल्या गटारीचे काम अंदाजपत्रकात आहे का, असे विचारू नये. ते आहेच. त्याला लेखाशीर्ष आहे आणि त्याखाली नाममात्र तरतूदही आहे, जी काम करण्यास पुरत नाही परंतु काम नाही असे म्हणू देत नाही.

मोठ्या आकड्यांचा आस्वाद कसा घ्यावा हे शिकायचे असल्यास मेट्रो निओचे स्मरण करावे. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या या रबरी टायरच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपयांचा उल्लेख झाला, तेव्हा गंगापूर रोडवर कोणत्या थांब्यावर उतरल्यास भाजी स्वस्त पडेल याची चर्चा घरोघरी झाली. मेट्रोने अद्याप कोणाच्या दारासमोर खड्डा खणलेला नाही, हे तिचे शहरावरील उपकारच समजावेत. ज्यांना प्रत्यक्ष खोदकामाची आवड होती त्यांच्यासाठी त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ असा १.१ किलोमीटरचा स्मार्ट रस्ता होता. त्याच्या पूर्ततेच्या तारखा पुन्हा पुन्हा पुढे गेल्या, सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकावरून मेहेर सिग्नलपर्यंत जाण्यास लोक गल्ल्या शोधू लागले, आणि त्या निमित्ताने जुन्या शहराचा भूगोल नव्या पिढीला तोंडपाठ झाला. शैक्षणिक उपक्रम म्हणून त्याची नोंद कोठेही झाली नाही, याचे वाईट वाटते.

सभागृहाची प्रत्यक्ष आदर्श स्थिती पाहण्याचे भाग्य मात्र आपल्याला नुकतेच लाभून गेले. २०२२ च्या मार्चमध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच न झाल्यामुळे आयुक्त हेच प्रशासक राहिले. त्या काळात प्रस्ताव आयुक्त म्हणून मांडावयाचा, स्थायी समिती म्हणून त्याची कसून छाननी करावयाची आणि महासभा म्हणून त्यास मंजुरी द्यावयाची, ही सर्व कामे एकाच खुर्चीवरून पार पडत. गणपूर्तीअभावी एकही सभा तहकूब झाली नाही. एकाही ठरावाला विरोध नोंदविला गेला नाही. राजदंड पळविणे, पीठासनासमोर ठिय्या मांडणे, विषयपत्रिकेच्या चिंधड्या उडविणे हे प्रकार पूर्ण थांबले, आणि ऐन वेळच्या जादा विषयांत काय घुसविले याचा संशय घेणारा सदस्यच न उरल्यामुळे संशयही उरला नाही. आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हाच नमुना राबवून पाहण्यास हरकत नाही. सचिवांनी मांडावे, सचिवांनीच अनुमोदन द्यावे आणि चहाही त्यांनीच घ्यावा.

आता नगरसेवक परत आले आहेत, तेव्हा त्यांच्याकडे कसे जावे हेही सांगणे प्राप्त आहे. १२२ जागा ३१ प्रभागांत विभागलेल्या असून दोन प्रभाग वगळता प्रत्येकात अ, ब, क, ड अशा गटांचे चार नगरसेवक आहेत. एका मतदाराला चार प्रतिनिधी मिळणे ही श्रीमंतीच म्हटली पाहिजे. पाण्याच्या तक्रारीसाठी अ गटातील सदस्याकडे गेल्यास ते आपला पत्ता विचारून तो भाग ड गटातील सदस्य पाहत असल्याचे सांगतील. ड गटातील सदस्य मागील निवडणुकीत आपण कोठे होता याची आठवण काढतील. ब गटातील सदस्यांचे पती भेटतील. आणि क गटातील सदस्य ताबडतोब अभियंत्याला फोन लावून, तो स्पीकरवर ठेवून, आपल्यासमोर खडसावतील, ज्यायोगे पाणी आले नाही तरी समाधान नक्की होते. रस्ता झाल्यास फलकावर मात्र चौघांचेही हसतमुख फोटो असतील. २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली आहे, म्हणजे मतदारांनी आपल्या भागापुरते एकत्र बसून कामे सुचवावीत आणि नगरसेवकाने ती ऐकावीत. ही तरतूद जशी कोरी करकरीत मिळाली तशीच ठेवलेली आहे. आपण तिची आठवण करून दिल्यास चौघेही एकदम एकमताने आपल्याला विसरतील, आणि सर्वपक्षीय एकमत घडविण्याचे श्रेय आपल्या नावावर जमा होईल.

नदीकाठच्या प्रश्नांत आपण मुळीच तज्ज्ञपणा दाखवू नये. तेथे गोदापात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती उभी आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला लागले यावरून सराफ बाजारातला व्यापारी दुकानातला माल कोणत्या फळीवर चढवायचा ते ठरवतो. या यंत्रणेला निविदा नाही, देखभालीचा करार नाही आणि तिचे सर्व्हर कधी बंद पडत नाही. २००८ च्या सप्टेंबरातील महापुरानंतर निळी आणि लाल पूररेषा आखण्यात आली. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे शास्त्र सांगते. आपण निळ्या रेषेच्या आत एखादे नवे बांधकाम पाहिल्यास रेषेचे काय झाले असे विचारण्याऐवजी, पंचवीस वर्षे अजून भरायची आहेत, असा उदार विचार करावा.

झाडांविषयी विशेष जपून बोलावे, कारण येथे आपल्या भावना लवकर दुखावतात. येत्या सिंहस्थासाठी तपोवनात साधूंच्या मुक्कामाचे साधुग्राम उभारताना सुमारे अठराशे झाडे तोडण्याची सूचना २०२५ च्या नोव्हेंबरात निघाली, आणि ज्या नाशिककरांनी आयुष्यात कधी अर्ज लिहिला नव्हता त्यांनीही शेकड्यांनी हरकती दाखल केल्या. काही जण तर झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, ज्यासाठी विहित नमुना उपलब्ध नाही. त्यावर पंधरा हजार झाडे लावण्याचे जाहीर झाले आणि त्यांची रोपे आंध्रातल्या, गोदाकाठच्या राजमहेंद्रीहून येणार असे कळले. ज्यांना यात विसंगती दिसते त्यांनी नकाशा उघडावा. गोदावरी आपल्याकडचे सर्व काही इतकी वर्षे राजमहेंद्रीला पोचवीत आली आहे, तेव्हा तिकडून चार रोपे आली तर परतभेट म्हणून स्वीकारावीत. रामाने वनवासात या ठिकाणी मुक्काम केला ही श्रद्धा साऱ्यांनाच मान्य आहे. वाद केवळ वनाविषयी आहे.

एवढे वाचूनही आपला निर्धार कायम असेल, तर हरकत लिहून काढावी. ती एका पानाची असावी. भाषा नम्र असावी आणि उपाय सुचवू नयेत, कारण उपाय सुचविल्यास आपल्याला सर्व मान्य असून केवळ दुरुस्ती हवी आहे, असा अर्थ टिपणीत काढता येतो. आणि न सुचविल्यास हरकत विधायक नाही, असा. सुनावणीला बोलावणे आल्यास वेळेवर जावे. आपल्याआधी बरेच जण असतील, आपल्याला काही मिनिटे मिळतील, समोरचे अधिकारी मान हलवतील आणि कोणी तरी लिहून घेत असेल. त्या लिहिण्याकडे वाकून पाहू नये. कार्यादेश आधीच निघाला आहे काय, अशी शंका सुनावणीत मांडणे शिष्टाचाराला धरून होत नाही, विशेषतः बाहेर जेसीबी उभा असताना.

हरकतीच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसरीवर आवक विभागाचा शिक्का व तारीख असलेली पोच आठवणीने घ्यावी. ही पोच प्लॅस्टिकच्या पिशवीत, घराच्या कागदपत्रांबरोबर, पूररेषेच्या वर असलेल्या कपाटात ठेवावी. पुढील सुधारित आराखडा येईल तेव्हा आपल्या मुलांना किंवा नातवंडांना त्याच जागेबद्दल अर्ज लिहावा लागेल, आणि त्यात वरच्या बाजूला ‘संदर्भ क्र. १’ म्हणून ही पोच जोडता येईल.