पेट्रोल सापडलं म्हणजे पेट्रोल ओतलं असं नाही काका (उत्तर जरा लांबलंय)

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा चहा घेऊन वाचली तेव्हा कळलं की तुमची गाडी जळलीय आणि माझी नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, काकांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री सहा टू-व्हीलर जळाल्या, फॉरेन्सिक रिपोर्टमध्ये आलं की राखेत पेट्रोलचे अंश मिळाले, आणि मी मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं की पार्किंगमधल्या आगीत नुसत्या अशा रिपोर्टवरून कुणी आग लावली हे ठरत नाही. त्यावर काकांचं म्हणणं, मग लॅब कशाला ठेवलीय, फरशीवर ओघळाचे डाग दिसत होते, पेट्रोलचा वास मी स्वतः घेतलाय, कुत्रं आणलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता, आणि तुम्ही इथे बसून जाळणाऱ्याची वकिली करताय.

आधीच सांगतो, मी फॉरेन्सिकवाला नाही. भोसरीच्या एका कंपनीत क्यूसीमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात, गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारं यंत्र) वीस वर्षं काढली, यंत्र तेच, फक्त आमच्याकडे औषधं जायची आणि त्यांच्याकडे राख जाते.

लॅब काय करते ते बघा. राख, कापड, मातीचा ढेकूळ जे काही असेल ते घट्ट झाकणाच्या डब्यात, आत अॅक्टिव्हेटेड चारकोलची, म्हणजे वाफ शोषून घेणाऱ्या कोळशाची, एक छोटी पट्टी टांगायची आणि डबा कित्येक तास गरम ठेवायचा, म्हणजे जी काही वाफ निघेल ती त्या पट्टीत जाऊन बसते, मग पट्टी सॉल्व्हंटने (विरघळवणाऱ्या द्रवाने) धुवायची आणि त्यातला थेंबभर यंत्रात. समोर जो ग्राफ येतो त्यात रॉकेल ओळखायला सोपं, फणीच्या दातांसारखे सारख्या अंतरावर उभे सुळके, मधे उंच आणि दोन्हीकडे उतरत गेलेले. पेट्रोलचं तसं नाही, त्याचे ठरावीक घोळके असतात आणि प्रत्येक घोळक्यात कोण कोणापेक्षा उंच हे बघावं लागतं. त्यात आगीत हलका माल आधी उडून जातो आणि जड मागे राहतो, त्यामुळे बाटलीतलं ताजं पेट्रोल आणि राखेतलं पेट्रोल हे जुळे भाऊ दिसत नाहीत, चुलतभाऊ दिसतात. हे ओळखणं कौशल्याचं काम आहे आणि तुमच्या रिपोर्टवाल्याने ते चुकीचं केलं असं मी कुठेच म्हटलेलं नाही.

माझा मुद्दा वेगळाय. सहा गाड्या म्हणजे सहा टाक्या. एक पेटली की तिचा रबरी पेट्रोल पाइप वितळणार, पेट्रोल खाली गळणार, उताराने शेजारच्या गाडीखाली जाणार, आणि दुसऱ्या दिवशी तिथली राख उचलली तर पेट्रोल नाही सापडलं तरच मी चक्रावेन! मंडईत भाजी सापडली म्हणून कुणी पंचनामा करतं का? त्याच राखेत रॉकेलची फणी दिसली असती, किंवा जिन्याच्या पायरीवर, जिथे गाडी कधी उभीच राहत नाही, तिथे पेट्रोल मिळालं असतं, किंवा कुणा संशयिताच्या पँटच्या शिवणीत मिळालं असतं, तर तोच ग्राफ बोलका झाला असता. (चपलेच्या तळव्याचं मात्र जपून, त्याच्या रबरात आणि गोंदात मुळातच सॉल्व्हंट असतात.)

उलट बाजूही तितकीच खरी. तुमच्या कमेंटखाली एकाने लिहिलंय की रिपोर्ट निगेटिव्ह आला असता तर शॉर्टसर्किट नक्की. अजिबात नाही. सगळं जळून गेलं असेल, नमुना चुकीच्या कोपऱ्यातून घेतला असेल, किंवा मातीतला नमुना महिनाभर तसाच पडला असेल तर जमिनीतले बॅक्टेरिया हायड्रोकार्बन, म्हणजे पेट्रोल-रॉकेल ज्यांचं बनलेलं असतं ती रसायनं, चक्क खातात, म्हणून मातीचे नमुने फ्रीझरमध्ये ठेवतात. आणि पिशवी! मागे एका सोसायटीत चेअरमननेच राख गोळा करून भाकरवडीच्या प्लॅस्टिक पिशवीत बांधून ठेवलेली मी पाहिलीय. साध्या प्लॅस्टिकमधून वाफ बाहेर निघून जाते आणि शेजारची वाफ आतही येते. स्वच्छ पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणी, घट्ट झाकण, बस. पाण्याची मात्र भीती नको, फायर ब्रिगेडने पाणी मारलं की पुरावा वाहून गेला असं सगळे म्हणतात पण ओल्या राखेत, ओल्या लाकडात पेट्रोल उलट अडकून राहतं.

आता फरशीवरचे डाग, कारण तुमचा सगळा भर त्यावरच आहे. अमेरिकेत १९९० मध्ये जॅक्सनव्हिल गावात लाइम स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागून सहा जण गेले, फरशीवर ओघळासारख्या खुणा होत्या म्हणून घरच्याच माणसावर पेट्रोल ओतल्याचा आळ आला. सरकारी पक्षाच्याच तज्ज्ञांनी शेजारचं तसंच घर तसंच सजवून प्रयोग म्हणून जाळलं, फक्त सोफा पेटवला, पेट्रोलचा एक थेंब नाही. पाच मिनिटांच्या आत अख्खी खोली एकदम पेटली आणि खाली तशाच खुणा! केस मागे घ्यावी लागली. टेक्सासमधल्या टॉड विलिंगहॅमचं नशीब तसं नव्हतं, १९९१ च्या आगीत त्याच्या तीन मुली गेल्या, फरशीवरच्या असल्याच खुणांवरून त्याने आग लावली असं ठरलं आणि २००४ मध्ये त्याला मृत्युदंड दिला, लॅबला ज्वलनशील द्रव मिळाला होता तो फक्त पुढच्या दाराशी, जिथे पोर्चवर कोळशाची शेगडी असायची. तुमचं पार्किंग उघडं आहे, तिथे बंद खोलीसारखं होणार नाही हे मान्य, पण वितळलेलं प्लॅस्टिक आणि टायरसुद्धा जळत जळत ओघळतातच, त्याचाही डाग ओघळासारखाच दिसतो.

कुत्र्याबद्दल मला प्रचंड आदर आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये मॅटी नावाची लॅब्राडॉर या कामाला लागली तेव्हापासून ही कुत्री जागा दाखवण्यात माणसापेक्षा कितीतरी पुढे आहेत. पण कुत्रं नमुना कुठून घ्यायचा ते सांगतं. जळलेला फोम आणि गालिचा यांतूनही टोल्युइन, स्टायरीन असली बरीच रसायनं निघतात आणि त्यातलं टोल्युइन पेट्रोलमध्येही असतं, म्हणून तिथले आगीचे तपासनीस लॅबने दुजोरा दिल्याशिवाय कुत्र्याचा इशारा पुरावा धरत नाहीत. तुमच्या नाकाचं तर काय सांगू, पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास आला, बरं, मग?

वकिलीचा आरोप राहिला. ज्याने जाळलं असेल तो सापडावा असं मलाही वाटतं, म्हणूनच म्हणतोय की रिपोर्ट हातात घेऊन निवांत बसू नका. पंचनामा काढून बघा, नमुने नेमके कुठून उचलले, फक्त गाड्यांखालून की जिना आणि गेटजवळूनही? न जळलेल्या कोपऱ्यातला नमुना तुलनेसाठी घेतला होता का? सगळ्यात आधी कोणती गाडी पेटली आणि ती कडेची होती की मधली? आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग आजच्या आज कॉपी करून घ्या, जुन्यावर नवीन चढत जातं, आमच्या सोसायटीत दहा दिवसांत पुसलं जातं, तुमच्याकडे किती दिवस राहतं ते सेक्रेटरीला विचारून इथेच लिहा.