कडक साहेब आणि रिकामे टेबल : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

कार्यालयातील छळाने मन आजारी पडते, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, तीस वर्षे कडक साहेबांच्या हाताखाली काढूनही आपले मन कधी आजारी पडले नाही, आजच्या मुलांना बोललेले सोसत नाही, ज्यांना त्रास होतो ते मुळातच हळवे असतात आणि ज्याला जाच वाटतो त्याने खुशाल राजीनामा द्यावा. एक गोष्ट आधी मान्य करतो. लेखात मी ओरडणाऱ्या साहेबाचे उदाहरण दिले, ते चुकलेच. चारचौघांत खरडपट्टी काढून दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला चहाला हाक मारणारा साहेब कडक असतो, छळवादी नव्हे.

स्वीडनमध्ये काम केलेले मानसशास्त्रज्ञ हाइन्झ लायमान यांनी कामाच्या ठिकाणी एखाद्याला सतत एकटे पाडून केलेल्या छळाला ‘मॉबिंग’ म्हटले. शब्द मुळात पाखरांचा. दिवसा चुकून बाहेर आलेल्या घुबडाभोवती कावळे जमतात, ते आठवावे. लायमान यांची कसोटी अशी की, हा प्रकार आठवड्यातून किमान एकदा आणि निदान सहा महिने चालला पाहिजे. एका दिवसाचा अपमान तीत बसतच नाही.

माझ्यावर कोणी कधी ओरडले नाही. रत्नागिरीतील एका कार्यालयात असताना खरेदीच्या एका कागदावर सही करण्यास मी नकार दिला आणि माझ्याकडे फायली येणे बंद झाले. हजेरीपटावर सही करून संध्याकाळपर्यंत मोकळ्या टेबलाशी बसायचे. चार वाजता चहा येई आणि माझ्या टेबलाला वळसा घालून पुढे जाई. शिपाई बिचारा खाली बघत असे. सहा-सात महिन्यांनी पहाटे तीनला जाग येऊ लागली, रविवारी दिवेलागणीपासून पोटात कळ उठू लागली. पित्त समजून गोळ्या घेतल्या, आईने आमसुलाचे पाणी दिले. शेवटी डॉक्टरांनी विचारले, “सुट्टीत दुखते का?” दिवाळीच्या चार दिवसांत एकदाही दुखले नव्हते. त्याआधीची बारा वर्षे मी त्याच खात्यात धडधाकट काढली होती, त्यामुळे ‘मुळातच हळवा’ हे आपले निदान मला लागू पडत नाही.

राजीनाम्याचे म्हणाल, तर येथे दुसरी नोकरी म्हणजे बहुतेक वेळा म्हातारे आईवडील मागे ठेवून मुंबईची गाडी पकडणे. शिवाय गाव लहान. ज्याने वाळीत टाकले तोच मासळी बाजारात आणि शिमग्याच्या पालखीला शेजारी उभा. दाद मागायची तर आपल्याकडचा २०१३ चा कायदा कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळापुरता आहे. स्वीडनने अशा छळाविरुद्ध १९९३ मध्येच नियम केला होता.

डॉक्टरांनी मला प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवले, तेव्हा मी रिक्षा फाटकाच्या बरीच अलीकडे सोडली; ओळखीचे कोणी पाहू नये म्हणून. ज्यांना तेवढेही जमत नाही, त्यांना ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या मराठीतून बोलता येते आणि त्याचे पैसे पडत नाहीत.