फूट सगळ्यांना पाठ, पण उंबऱ्याचं काय?

पाऊस तिसऱ्या दिवशीही हटत नव्हता. तालमीच्या कट्ट्यावर आम्ही चौघंच. चहा यायच्या आधीच पक्यानं मोबाइल बघून जाहीर केलं, "राजाराम बंधारा 41 फूट. राधानगरीचा आणखी एक दरवाजा उघडला."

"एका दरवाज्याला 1428 क्युसेक," बापूनं न विचारताच जोडलं.

कोल्हापुरात पावसाळ्यात हे असंच. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फूट इशारा, 43 धोका, राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, सगळं शाळकरी पोरांनाही पाठ. मोबाइल नव्हते तेव्हा म्हातारी माणसं शिवाजी पुलाकडनं येणाऱ्याला एवढंच विचारायची, "मच्छिंद्री झाली का?" म्हणजे पुलाच्या दगडी बांधकामातल्या माशाच्या आकारापर्यंत पाणी चढलं का. झाली म्हटलं की आवराआवर सुरू.

मास्तर नेहमीच्या चालीवर आले. "आपल्या लोकांत जागृतीच नाही. शाळाशाळांत मोहीम काढली पाहिजे."

"मास्तर, जागृती कमी न्हाई, लई झालीया," पक्या उसळला. "निम्मं गाव कणीस खात घाटावर पाणी बघायला जातंय. फुटाचा आकडा फॉरवर्ड केला की झालं काम."

बापूनं अलमट्टी काढली, म्हणजे कर्नाटकातलं ते धरण, ज्याच्या फुगवट्यानं आमच्याकडं पूर येतो असं लोक म्हणतात. ती निघाल्याशिवाय आमचा कुठलाच पूर पूर्ण होत नाही. मास्तरांनी वडनेरे समितीचा अहवाल पुढं केला, 2019 च्या पुराला अलमट्टी जबाबदार नाही म्हणणारा. बापूनं समितीलाच मोडीत काढलं. हे भांडण दरवर्षीचं, त्यामुळं इथं लिहीत नाही.

दिग्या मात्र गप्प होता. हा कुंभाराचा पोरगा, गणपतीच्या मूर्ती करतो. चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, "बंधाऱ्यावर 47 झालं तर आमच्या गल्लीत किती, हे कोण सांगतंय? 2019 ला मी नदीकडं तोंड करून बसलोतो आन् पाणी आलं मागनं, गटारातनं."

ही गोष्ट बाहेरच्यांना पटकन कळत नाही. नदी चढली की जयंती नाल्याचं पाणी नदीत उतरत नाही, उलट फिरतं. डोक्यावर ऊन असलं तरी मोरीतनं पाणी वर येतं.

"2021 ला तरी सावध होतो," दिग्या पुढं बोलत राहिला. "मूर्ती फळ्यांवर चढवल्या. 2019 ची खूण बघून तिच्यावर एक वीत ठेवली. पाणी त्याच्याबी वर गेलं. शाडूच्या मूर्तींचं काय, सोंडा गळून पडल्या, खाली नुसता चिखल. तोच गोळा करून परत मळला."

2019 ला बंधाऱ्यावर 55 फूट ओलांडलं होतं, 2021 ला 56. पक्यानं विचारलं, "मास्तर, पूरनकाशातली ती लाल रेषा शंभर वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची म्हणं. दोन वर्षांतच शंभर वर्षं संपली व्हय?"

मास्तर खुश झाले, कुणीतरी प्रश्न विचारला. दरवर्षी शंभरात एक शक्यता, गेल्या साली पूर आला म्हणून यंदाची शक्यता घटत नाही, असं त्यांनी समजावलं. निळी रेषा 25 वर्षांच्या पुराची, तिच्या आत बांधकाम नको. हे ते चांगलं सांगतात. तरी मला वाटतं, नकाशातली रेषा घरातल्या माणसाला दिसत नाही. 2019 ला पन्नासचा आकडा मी स्वतः दहा जणांना पाठवला आणि घरातला फ्रिज जागचा हलवला नाही. महामार्ग शिरोलीला बंद, पेट्रोल नाही, शहराला पाणी देणारा बालिंग्याचा पंप पाण्यात. दारात पाणी आणि नळ कोरडा, म्हणून घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहिलो तेव्हा कुठं पूर म्हणजे काय ते कळलं.

"खूण पायजे, डोळ्यांसमोर," दिग्या म्हणाला. "मी लाल ऑइलपेंटनं भिंतीवर मारलीती. 2019, वर 2021. आता न्हाई ती."

"का?"

दिग्यानं उत्तर दिलं नाही, बापूकडं बघितलं. बापू चहात बघत होता.

"गाळा भाड्यानं द्यायचा होता," शेवटी बापू म्हणाला. "रंग दिला भिंतीला. गिऱ्हाईक येतंय, रेघ बघतंय आन् माघारी जातंय. मी काय करू? पोराच्या फीचं काय?"

पक्या तोंड सुटल्यासारखा बोलायला लागला, तर मास्तरांनीच त्याला गप्प केलं. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीच्या लोकांना 1989 च्या पुरानंतर सोनतळीला जागा मिळाल्या, तरी शेतं आणि गोठे खालीच राहिले, त्यांना कुठल्या तोंडानं नावं ठेवायची, असं काहीसं म्हणाले. बापूला त्याचा आधार वाटला की नाही, माहीत नाही.

"भाडेकरूला सांगितलंस?" मी विचारलं.

"परगावचं पोरगं हाय. मोबाइलचं दुकान. त्यानं विचारलं न्हाई."

पक्याचा मोबाइल वाजला. सव्वा फूट वाढलं होतं. बापूनं खिशातनं स्वतःचा फोन काढला, थोडा वेळ नुसता हातात धरला आणि मग नंबर लावला. "हां, मी बोलतोय, गाळामालक. खालचे खोके वर घे. आत्ताच." पलीकडून पोरगं काहीतरी विचारत होतं. बापूनं फोनवर हात ठेवून दिग्याकडं बघितलं.

"किती वर म्हणतोय."

दिग्या उभा राहिला आणि त्यानं तळहात आपल्या गळ्याला आडवा लावून दाखवला.