सकाळची शांतता दुपारपर्यंत टिकते का?

पहाटे अर्धा तास ध्यान केले की दिवसभराची धावपळ मनाला शिवत नाही, हे ध्यानावरील एका लेखात वाचलेले विधान मला पटले नाही. सकाळच्या बैठकीचे मोल मी नाकारत नाही. परंतु भर दुपारी फोन खणखणत असतो, समोर कोणीतरी उत्तरासाठी ताटकळत उभे असते आणि अर्धवट लिहिलेले पत्र पडद्यावर तसेच राहिलेले असते, तेव्हा पहाटेची ती स्वस्थता फारशी कामी येत नाही, असाच माझा अनुभव आहे.

त्या लेखात राहून गेलेला मुद्दा श्वासाचा आहे. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारणपणे १२ ते २० वेळा श्वास घेतो. हा वेग जाणीवपूर्वक ६ च्या आसपास आणला आणि उच्छ्वास लांबवला, तर प्रत्येक उच्छ्वासाबरोबर व्हेगस या मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती किंचित मंदावते. त्यासाठी ना आसन लागते, ना एकांत. फोन उचलण्यापूर्वी घंटी आणखी एकदा वाजू द्यावी. तेवढ्या अवधीत एक संथ उच्छ्वास सहज पुरा होतो, आणि समोरच्या व्यक्तीच्या (ती कितीही उतावीळ असली तरी) ते ध्यानातही येत नाही.