एम.एस्सी.साठी पुणेच का?

टीवायचा निकाल लागला की नाशिकमधल्या बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींच्या घरी एकच चर्चा सुरू होते, ती म्हणजे पुण्यात कुठे प्रवेश मिळेल. विभाग कोणता, तिथे शिकवणारे कोण, प्रयोगशाळेत एका यंत्रामागे किती विद्यार्थी, हे प्रश्न नंतर येतात किंवा येतच नाहीत. नाशिकमध्ये रसायनशास्त्र शिकवत असताना हे मी दर वर्षी पाहते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. पुणे विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागात ज्यांना प्रवेश मिळतो त्यांनी तो अवश्य घ्यावा. परंतु ज्यांना तो मिळत नाही त्यांनी केवळ शहराच्या नावासाठी मिळेल त्या महाविद्यालयात, मिळेल त्या विषयाला जाण्यापेक्षा एखाद्या लहान प्रादेशिक विद्यापीठाच्या प्रशाळेचा, म्हणजे विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागाचा, विचार करावा, असे माझे मत आहे. माझ्या डोळ्यांसमोर मुख्यतः जळगावचे विद्यापीठ आहे, कारण माझी एम.एस्सी. तिथली.

नाशिकची स्थिती मुळात चमत्कारिक आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि १९९८ चे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, अशा दोन सार्वजनिक विद्यापीठांची मुख्यालये आपल्या शहरात आहेत. मात्र पहिल्याचे कार्य प्रामुख्याने दूरस्थ शिक्षणाचे आणि दुसऱ्याचे वैद्यकीय शाखांचे असल्यामुळे आपल्या कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांतील सर्वसाधारण विद्यार्थ्याचे विद्यापीठ राहिले ते पुण्याचेच. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्या वेळचे जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे पुणे विद्यापीठातून बाहेर पडले, नाशिक मात्र पुण्याकडे राहिले. (२०१८ मध्ये त्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले, जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘उमवि’च असते.) या विभागणीमुळे आपल्या पालकांची नजर आपोआप दक्षिणेकडे वळते. वास्तविक नाशिकरोड आणि जळगाव मुंबई–भुसावळ या एकाच मुख्य रेल्वेमार्गावर आहेत, तर पुण्याला जायला आजही सरळ रेल्वेमार्ग नाही. तरीही ‘मॅडम, पुणे सोडून उलट जळगावला कशाला पाठवायचे?’ असे पालक विचारतात, आणि त्या प्रश्नात अंतराचा हिशेब नसतो, प्रतिष्ठेचा असतो.

लहान विद्यापीठात नेमके काय मिळते, हे एका उदाहरणाने सांगते. द्रावण किती प्रकाश शोषते हे मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर काम करताना ते द्रावण ज्या चौकोनी क्युव्हेटमध्ये, म्हणजे छोट्या उभट भांड्यात, भरतात तिच्या दोन बाजू खरखरीत आणि दोन पारदर्शक असतात. ती खरखरीत बाजूंनीच धरायची, कारण पारदर्शक बाजूवर बोटाचा ठसा उमटला की प्रकाश तिथे अडतो आणि शोषणाचा आकडा फुगतो. हे पुस्तकातही लिहिलेले असते. पण जिथे एका बॅचमध्ये मुले मावत नाहीत तिथे प्रयोगशाळा सहायक स्वतःच नमुना लावतो, आकडे फळ्यावर लिहितो आणि सगळे जण तेच आकडे जर्नलमध्ये उतरवतात. आमच्या प्रशाळेत वर्ग छोटा असल्याने प्रत्येकाला स्वतः यंत्र लावावे लागे, आणि आलेख सरळ रेषेत आला नाही की सर शेजारी उभे राहून एवढेच विचारत, ‘क्युव्हेट कशी धरली होतीस?’ पुढे मोठ्या प्रयोगशाळेत गेल्यावर माझ्या उपयोगी पडली ती हीच सवय. पदवी प्रमाणपत्रावरच्या शहराचे नाव मला तिथे कोणी विचारले नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.एस्सी.ला संशोधन प्रकल्प आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण, म्हणजे मुले ज्याला ओजेटी म्हणतात ते, अभ्यासक्रमात आले आहे. त्यामुळे मार्गदर्शकाकडे किती मुले आहेत हा प्रश्न पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे. एका प्राध्यापकाकडे पाच-सहा प्रकल्प असतील तर तो मसुदा वाचतो, दुरुस्त करतो, पुन्हा लिहायला लावतो. तीस असतील तर सही करतो. ओजेटीच्या बाबतीत मात्र पारडे उलटे फिरते. पुण्यात जेवढे कारखाने आणि संशोधन संस्था हाताशी आहेत तेवढ्या जळगावला नाहीत. पण त्यासाठी आपल्या मुलांना सातपूर आणि अंबडची औद्योगिक वसाहत घराशेजारीच आहे. सुट्टीत घरी राहून ओजेटी पूर्ण करणे नाशिकच्या विद्यार्थ्याला सहज जमण्यासारखे आहे.

विद्यार्थी जीवन म्हणजे केवळ प्रयोगशाळा नव्हे, हेही मान्य. राज्यभरातील विद्यापीठांच्या ‘इंद्रधनुष्य’ (कला), ‘अश्वमेध’ (क्रीडा) आणि ‘आविष्कार’ (संशोधन) या स्पर्धांसाठी प्रत्येक विद्यापीठ आपला संघ पाठवते. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक अशा तीन मोठ्या जिल्ह्यांतून निवड होऊन त्या संघात जागा मिळवणे, आणि त्याहून कितीतरी कमी महाविद्यालये असलेल्या विद्यापीठातून मिळवणे, यांत फार फरक आहे. मंचाची भीती असलेल्या मुलीला एकदा संधी मिळाली की ती कशी बदलते, हे मी वसतिगृहातल्या माझ्या खोलीतच पाहिले आहे. खर्चाचे गणित तर कोणालाही कळेल: पुण्यात कॉट बेसिसवर घेतलेली जागा, मेसचा डबा आणि बसभाडे यांची बेरीज करा आणि ती वसतिगृह व खानावळीच्या शुल्काशेजारी ठेवून पाहा. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मुलासाठी, शिष्यवृत्ती वेळेवर जमा होत नसताना, हा फरक शिक्षण चालू राहण्याचा किंवा सुटण्याचा असतो. त्रासही आहेत. एप्रिल-मे महिन्यातली परीक्षा आणि खानदेशचा उन्हाळा एकत्र येतात तेव्हा नाशिकच्या हवेत वाढलेले पोर पहिल्या वर्षी रडकुंडीला येते, आणि खानावळीतल्या शेवभाजीचा तिखटपणा अंगवळणी पडायलाही वेळ लागतो.

गंभीर उणिवा मात्र वेगळ्या आहेत आणि त्या झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांत अध्यापकांची पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील व कंत्राटी शिक्षकांवर येतो. मोठ्या विभागात दोन माणसे निवृत्त झाली तरी गाडे चालते. लहान प्रशाळेत एक सेंद्रिय रसायनाचा प्राध्यापक गेला आणि त्याची जागा भरली नाही, तर ते स्पेशलायझेशनच पांगळे होते. वर मी ज्या जवळिकीचे कौतुक केले ती शिक्षक असतील तरच शिल्लक राहते. म्हणून पदभरती लांबवणाऱ्या शासनाने सर्वांत मोठे नुकसान केले आहे ते लहान विद्यापीठांचे, आणि त्याबद्दल नाशिकमध्ये कोणी आवाज उठवत नाही, कारण ती विद्यापीठे आपली नाहीत असा आपला समज आहे. दुसरी उणीव बाहेरच्या जगाशी येणाऱ्या संपर्काची. पुण्यातल्या विद्यार्थ्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील व्याख्यान बसने जाऊन ऐकता येते. इतर ठिकाणच्या विद्यार्थ्याला त्यासाठी शिक्षकांच्या मागे लागून परिसंवादाला जावे लागते. तेवढी तयारी नसलेल्या विद्यार्थ्याला मी लहान विद्यापीठ सुचवत नाही.

ज्यांना या वर्षी विचार करायचा आहे त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे. माहितीपत्रकातली यंत्रांची यादी वाचून परत न येता त्यातली चालू किती हे सध्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलांना विचारावे, पूर्णवेळ प्राध्यापक किती आणि त्यांपैकी पुढच्या दोन वर्षांत निवृत्त होणारे किती हेही विचारावे. दुसऱ्या विद्यापीठात जाताना पुणे विद्यापीठाचे मायग्रेशन प्रमाणपत्र लागते आणि पात्रतेची प्रक्रिया पूर्ण करावी लागते. त्याचा अर्ज निकालाची मूळ गुणपत्रिका हातात पडताच करावा, कारण ऑगस्टनंतर त्या कामासाठी धावपळ करणारी मुले दर वर्षी माझ्याकडे येतात आणि तोवर तिकडे पहिले सत्र निम्मे झालेले असते.