कडू कॉफी साखरेला मारत नाही, मावशी

गेल्या रविवारी खानापूरला मावशीकडे गेलो. ओट्यावर पिळून टाकलेलं लिंबू, पातेल्याच्या बुडाशी काळा गाळ, आणि फ्रिजवर मेटफॉर्मिनची, म्हणजे मधुमेहाच्या गोळ्यांची स्ट्रिप. दहाच्या दहा गोळ्या जागेवर. विचारलं तर म्हणाली, "गोळ्या कशाला आता? कॉफी घेतो की रोज सकाळी."

मोबाईल पुढं केला. त्यात आलेल्या फॉरवर्डचा मजकूर थोडक्यात असा: पहाटे उपाशीपोटी दोन चमचे कॉफी पूड पाण्यात उकळा. गाळू नका, सत्त्व जातं. लिंबू पिळून उकळतीच प्या. ७ दिवसांत पोट सपाट, २१ दिवसांत हार्टचे ब्लॉकेज मोकळे, ४० दिवसांत शुगरची गोळी कायमची बंद, कारण कडू गोडाला मारतं. अमेरिकेत डॉक्टर हेच लिहून देतात. शेजारणीला हाच मजकूर कन्नडमध्ये आलेला. आमच्या सीमाभागात दोन्ही भाषांचं इतकं एकमत क्वचितच होतं.

मशीनवर मावशीची उपाशीपोटीची साखर बघितली. २४३, म्हणजे खूपच जास्त.

म्हणून आधी साखरेचंच बोलू. कडू गोडाला मारतं ते जिभेवर. रक्तातली साखर जिभेवर नसते. ती दुपारच्या भाताची असते, रात्रीच्या भाकरीची असते, आणि लिव्हर स्वतः तयार करून रक्तात सोडतं तीही असते. मेटफॉर्मिन मुख्यतः लिव्हरचं हे काम आवरतं. त्याच्या जागी कडू चव कशी चालेल? तसं असतं तर कारल्याची भाजी करणाऱ्या घरात मधुमेह शिरलाच नसता.

आता यातलं अर्धसत्य. नाइलाजानं सांगतो, कारण सांगितलं की लोक तेवढंच धरून बसतात. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१७ साली कॉफीवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला. आधीच्या २०१ विश्लेषणांचा एकत्र हिशेब मांडलेला. दिवसाला तीन-चार कप कॉफी पिणाऱ्यांत टाइप २ मधुमेह आणि लिव्हरचे आजार कमी दिसले, हे खरं. पण हे बहुतेक सगळं निरीक्षण आहे. कॉफी पिणाऱ्या माणसांत आजार कमी दिसला, तो कॉफीमुळेच कमी झाला हे त्यातून सिद्ध होत नाही. आणि विषय होता मधुमेह होण्याचा, झालेला बरा करण्याचा नव्हे. खानापूरच्या पावसात छत्री घेऊन निघालेला कमी भिजेल, पण चिंब भिजून आल्यावर छत्री उघडून बसलं तर कपडे वाळतात का? उलट ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यापैकी काहींची साखर कॅफिनमुळे काही तास वरच जाते.

गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस फारसं काही जाणवत नाही, इथंच घात होतो. मावशी म्हणत होती, "बरं वाटतंय की." वाढलेली साखर आधी दुखत नाही. ती डोळ्यांचा पडदा, किडनी आणि पायाच्या नसा गुपचूप पोखरत असते.

अमेरिकेतले डॉक्टर? त्या आढाव्यासोबत त्याच जर्नलमध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एलिसेओ ग्वायार यांचं संपादकीय होतं. आजार टाळण्यासाठी डॉक्टरांनी कॉफीचा सल्ला देऊ नये आणि तब्येतीसाठी म्हणून कुणी कॉफी सुरू करू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. झालं अमेरिकेचं.

ब्लॉकेजची गंमत तर और. कॉफीत कॅफेस्टॉल नावाचा तेलकट घटक असतो. तो वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदाच्या फिल्टरमधून गाळली की बराचसा वर अडकतो, उकळून न गाळता प्यायली की सगळा पोटात. म्हणजे ज्याला हे 'सत्त्व' म्हणतात, ते ब्लॉकेजला खतपाणी घालणारं. आणि उकळती पिणं? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१६ साली खुद्द कॉफीला कर्करोगाच्या संशयातून बाहेर काढलं, पण ६५ अंशांहून गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण म्हणून नोंदवली.

पोटाच्या चरबीबद्दल एवढंच: लिंबानं चरबी विरघळत नाही. मावशीच्या छातीत रोज जळजळ होत होती आणि तिला वाटत होतं चरबी जळतेय!

शिवाय तिच्या डब्यातली पूड तरी निव्वळ कॉफी कुठं होती? पाकीट उलटं करून वाचलं, निम्म्याजवळ चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड. कायद्यानं मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चालते.

एक गोष्ट मान्य. आधी ती दिवसातून चार वेळा तीन-तीन चमचे साखरेचा चहा प्यायची, तो सुटला. चांगलंच झालं. कॉफी पी की, कोण नको म्हणतंय? गाळून, जरा निववून, जेवणाच्या आधी-नंतर तासभर सोडून पी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही २०२४ च्या मार्गदर्शिकेत तेच सांगितलंय, नाहीतर जेवणातलं लोह अंगी लागत नाही. पण घरात पाच महिन्यांची गरोदर सून आहे. तिलाही 'शक्तीसाठी' हाच पेला देत होती. त्याच २०१७ च्या आढाव्यात गरोदरपणात जास्त कॉफीचा संबंध कमी वजनाच्या बाळाशी, वेळेआधीच्या बाळंतपणाशी आणि गर्भपाताशी दिसलाय. शिवाय जास्त कॉफी पिणाऱ्या बायकांत हाड मोडण्याचा धोका थोडा जास्त. मावशी पासष्टीची आहे. फॉरवर्डमध्ये यातलं अक्षरही नाही.

एवढं ऐकून मावशीनं स्ट्रिप हातात घेतली. "मग राहिलेल्या सगळ्या आत्ताच घेऊ काय?"

नाही म्हटलं, आणि सोमवारी तिला डॉक्टरांकडे नेलं. बाहेर नंबर यायची वाट बघत फॉरवर्ड पाठवणाऱ्या मामेभावाला फोन लावला. त्यालाही शुगर आहे. "तू गोळी बंद केलीस?"

"छे, मी कशाला बंद करू? मी नुसतं पुढं पाठवलं."