गाडी थांबव म्हटलं की थांबव ना रे बाबा!

आज डोकं सटकलंय माझं त्यामुळे इथे ओकून टाकते. मोबाईल फुल झाला म्हणून जुन्या ट्रिपचे फोटो उडवायला बसले तर नॉर्वेच्या त्या अटलांटिक रोडचे माझ्याकडे फोटो किती, एक. एक!! त्यातही अर्ध्या फोटोत गाडी चालवणाऱ्याचा कान आणि काचेत माझाच फोन दिसतोय, समुद्र कुठेतरी मागे भुरकट.

बरं तो रस्ता काय साधासुधा आहे का, बारक्या बारक्या बेटांवरून उड्या मारत जातो, जेमतेम सव्वाआठ किलोमीटर आणि त्यात ८ पूल, बांधताना म्हणे १२ वादळं झेलली आणि १९८९ ला सुरू झाला. त्यातला मोठा पूल असा काही वळलाय की एका बाजूने येताना वाटतं पुढे रस्ताच नाहीये, गाडी आता थेट पाण्यात. उतरून बघता यावं म्हणून गाड्या लावायला जागा केल्यात, चालायला पायवाट केलीय. आणि आम्ही? सात मिनिटांत पार! मी मागच्या सीटवरून बोंबलतेय अरे थांबव थांबव, तर गाडी चालवणारे साहेब म्हणतात, "पुढे अजून भारी स्पॉट आहे, तिथे थांबू." पुढे पेट्रोल पंप होता. तिथे मात्र वीस मिनिटं थांबलो कारण साहेबांना कॉफी हवी होती.

आणि काही बोलायची सोय नाही, कारण ट्रिपची एक्सेल शीट त्याने बनवलेली ना, प्रत्येक गोष्टीला वेळ ठरलेली, गाडी पण तोच चालवणार, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. आम्ही आपलं सामान, मागे कोंबलेलं.

ह्याच माणसाने पॅरिसमध्ये लूव्र म्युझियमला दीड तास दिला होता. दीड तास! तिथे आत जिने चढून योग्य दालन सापडेपर्यंतच निम्मा वेळ जातो. धावत पळत मोनालिसापाशी गेलो, चित्र आहे ७७ बाय ५३ सेंटीमीटर, त्यावर काच, पुढे कठडा, आणि त्याच्या पुढे वर केलेल्या फोनांचं जंगल, म्हणजे मी मोनालिसा बघितली ती पुढच्या बाईच्या स्क्रीनवर. १९११ मध्ये हे चित्र चोरीला गेलं तेव्हा लोक रिकामी भिंत बघायला रांगा लावत होते, त्यांना निदान भिंत तरी धड दिसली असेल.

पण खरी चिडचिड वेगळीच आहे. त्याच खोलीत समोरच्या भिंतीवर वेरोनेसे नावाच्या चित्रकाराचं १५६३ चं, बायबलमधल्या काना गावच्या लग्नाचं चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, अख्ख्या लूव्रमधलं सगळ्यात मोठं पेंटिंग, आणि सगळी पब्लिक त्याच्याकडे पाठ करून उभी! मी वळले आणि तिथेच खिळले. सव्वाशेच्या वर माणसं त्या पंगतीत, मधोमध वादक, त्यांच्या पुढ्यात दोन पांढरी कुत्री, आणि उजवीकडे खाली एक मांजर लोळत पडून सुरईवर नखं मारतंय. एवढ्या लग्नाच्या धामधुमीत त्या मांजराला कुणाचं काही पडलेलं नाही. मला इतकं हसू आलं, म्हटलं आता एकेक चेहरा निवांत बघू, तेवढ्यात दंडाला हिसका. "अगं चल, मेन पेंटिंग झालं ना बघून?"

झालं ना बघून!! लसीकरण आहे का हे, टोचलं आणि पुढच्या टेबलावर चला?

परत आल्यावर लोकांना सांगताना मात्र हाच सगळ्यात पुढे, काय ड्राईव्ह होता, काय म्युझियम होतं. अरे तू बघितलंस काय, घड्याळ!

आणि कहर म्हणजे हे टाईप करतेय तेवढ्यात ग्रुपवर त्याचाच मेसेज आलाय, नॉर्वेच्या त्या रस्त्याचे चांगले फोटो कुणाकडे आहेत का, स्टेटसला टाकायचेत. आहे ना माझ्याकडे. तुझा कान आहे त्यात, पाठवू?